पाठकोरा कागद

शरीफा, आज सकाळी लाल पिंपात कुणीतरी अख्खा पेपर कोंबून ठेवला होता आणि वर चहाचा चोथा. मी जिन्यातूनच ओरडले, "शरीफा, बघ गं, काय करून ठेवलंय मेल्यांनी!" ओरडून झालं आणि मग आठवलं. तुला नेऊन दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत. तुझं दार उघडं होतं. आत युनूसभाई लेकीची, नूरची वेणी घालायच्या खटपटीत होते, दोन पेड हातात आणि तिसरा सुटलेला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग मी पदर खोचला, पिंपात हात घातला, पेपर काढून झटकला आणि कठड्यावर वाळत टाकला. तूही हेच केलं असतंस, फक्त तू ओरडली नसतीस.

सगळी बिल्डिंग सध्या तुला देवमाणूस म्हणते आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या नाईककाकूसुद्धा! ऐकलंस का? मी मात्र म्हणणार नाही. तू एक नंबरची हट्टी होतीस. एखादी गोष्ट करायची ठरवलीस की गोड हसायचीस, "व्हय वैनी, तुमचं बराबर हाय" म्हणायचीस आणि वळून स्वतःचंच खरं करायचीस. आपली किती भांडणं अर्धी राहिली आहेत, मोजायला बसले तर संध्याकाळ होईल. त्यातलं एक मात्र मी काल संपवलं. तेच सांगायला हे लिहायला बसले आहे. आणि एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली होती, तीही.

तू आलीस तेव्हाची आपली बिल्डिंग आठवते? चिंचवडला स्टेशनच्या अलीकडे, नव्या रंगाची, सोळा बिऱ्हाडांची. सगळे पुरुष कंपनीत, सगळी माणसं कुठून कुठून आलेली. आम्ही साताऱ्याचे, नाईक रत्नागिरीचे, चेअरमन जगदाळेसाहेब सोलापूरकडचे. तळमजल्याच्या ब्लॉकचा मालक बदलीवर गेला आणि त्यानं तुम्हाला भाड्यानं ठेवलं. जो तो एकमेकांना विचारत होता, "हे कोण बाहेरचे आले?" आणि तू तर चाकणची! बाजारपेठेमागच्या गल्लीत जन्मलेली, तिथल्याच शाळेत सातवी झालेली. नंतर तू आम्हाला चिडवायचीस, "समद्या बिल्डिंगीत हितली मी एकटी. तुमी समदी भायेरची." तेव्हा आम्ही हसायचो. पण पहिल्या वर्षी कुणीच हसत नव्हतं.

युनूसभाईंची चिखलीच्या रस्त्याला पत्र्याची शेड. लहान लहान वर्कशॉपमधला लोखंडाचा चुरा, छाट, तुटकी हत्यारं घ्यायची आणि पुढे भट्टीला घालायची, हा त्यांचा धंदा. शेडला दोनदा चोर लागले म्हणून चांगल्या मालाची पोती तू जिन्याखाली आणून ठेवायला लागलीस. त्यात कागद, डबे, बाटल्यांचीही पोती. एका सकाळी मी खालच्या नळावरून घागर घेऊन येत होते, पाय पोत्यात अडकला आणि मी घागरीसकट पायरीवर आपटले. गुडघा फुटला, घागरीला पोचा आला, आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला फार लागत नाही, हे तुला सांगायला नको.

त्याच संध्याकाळी जगदाळेसाहेब अर्ज घेऊन दारात आले. ते कंपनीत स्टोअरला, त्यामुळे कागदाची मोठी हौस. जाड, पिवळसर, खळखळ वाजणारा कागद आणि त्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं: तळमजल्यावरील भाडेकरू जिन्याखाली भंगार साठवतात, त्यामुळे घाण व रोगराई पसरते, तरी त्यांना जागा खाली करण्यास सांगावे. खाली सह्या. माझ्या गुडघ्यावर हळदीचा लेप होता. मी विचारसुद्धा केला नाही. पेन घेतलं आणि सही ठोकली, ठसठशीत, नावाखाली रेघ ओढून.

हे सांगायचं राहिलं होतं, शरीफा. तुझं घर उठवायच्या कागदावर माझी सही होती.

आणि त्या कागदात 'घाण' लिहिणारी माणसं कोण, तर आम्ही! आपल्या दोन विंगांमधली ती बोळ. सोळाच्या सोळा स्वयंपाकघरांच्या खिडक्या तिकडे उघडायच्या, आणि सोळा घरांचा केर तिकडून खाली जायचा. कांद्याची सालं, सुकटीची डोकी, फुटक्या बाटल्या, डालड्याचे डबे, ब्लेडं, चपला. कचऱ्याची गाडी यायची आठवड्यातून एकदा, तीही आली तर. आम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. खिडकीतून टाकलं की ते आपलं राहत नाही, असा आमचा समज होता.

मग एक दिवस बोळीतलं गटार तुंबलं आणि सगळं पाणी तुझ्या घरात शिरलं, तुझ्या एकटीच्याच. मी दुपारी भाजी निवडून सालांचं ताट घेऊन खिडकीत आले. नेहमीसारखा हात बाहेर काढला आणि खाली बघते तर तू! साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात फावडं, पोटऱ्या चिखलात. तू वर बघितलंस. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार, आणि मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागले. तू म्हणालीस, "टाका वैनी, टाका. मी हितंच हाय."

ते ताट मी आत घेतलं. आत घेऊन ओट्यावर ठेवलं आणि त्याकडे बघत उभी राहिले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मग मी चपला न घालताच खाली आले.

तू नुसतं गटार मोकळं करत नव्हतीस. तू तो सगळा उकिरडा निवडत होतीस, आपण तांदूळ निवडतो तसा. भिंतीला लागून ढीग घातले होतेस: एक कागदाचा, एक पत्र्याचा, एक काचेचा, एक सालांचा आणि कुजक्या अन्नाचा. शेवटी एक छोटी पाटी उरली होती. त्या पाटीकडे बोट दाखवून तू म्हणालीस, "ह्यो बगा वैनी तुमचा कचरा. यवडाच हाय. बाकीचं समदं सामान हाय." मला हसू आलं. रडूही येत होतं, पण हसू आधी आलं. मी फावडं घेतलं आणि तू नको नको म्हणेपर्यंत दोन ढीग हलवले.

त्या दिवशी संध्याकाळी मी जगदाळेसाहेबांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, पोती जिन्याखालून हलतील, पण त्याजागी झाकणाची पिंपं ठेवू द्या. सगळ्या घरांनी ओलं वेगळं, कागद-पत्रा-काच वेगळं टाकायचं. ओलं पिंपळे सौदागरचे नानाबा म्हशींना आणि खतासाठी नेतील, ते तसेही भाजीची बैलगाडी घेऊन रोज येतातच. बाकीचं शरीफा बघेल. बोळीत काहीही पडणार नाही. जगदाळेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "वहिनी, महिनाभर बघू. नाही जमलं तर अर्ज आहेच. तुमचीही सही आहे त्यावर, विसरू नका."

विसरते कशी? मी तुला येऊन फक्त एवढंच सांगितलं, "कमिटीनं महिना दिलाय." कशाचा महिना ते सांगितलं नाही. तू म्हणालीस, "महिना लई झाला की!" आणि कामाला लागलीस. तुला वाटत होतं आपण बोळ स्वच्छ करतोय. मला ठाऊक होतं की नूरची शाळा, तुझी चूल, तुझा उंबरा, सगळं त्या महिन्यावर टांगलंय, आणि टांगणाऱ्यांत मी आहे.

पिंपं युनूसभाईंनी आणली. रंग तू निवडलेस. घरात दोनच रंग उरलेले होते, हातगाडीचा लाल आणि दर्ग्याच्या दाराचा हिरवा. तू म्हणालीस, "लाल चांगल्या मालाला. तुमच्यात कुंकू लाल, आमच्यात नवरीचा जोडा लाल. आन् हिरव्यात हिरवं, भाजीपाला." मला पटलं. कुणालाही पटलं असतं! आपण दोघींनी घराघरांत जाऊन समजावून सांगितलं, बायकांनी माना डोलावल्या आणि नाईककाकूंनी लाडू दिला. मी त्या रात्री मनात म्हटलं, झालं, जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाबा आले. हिरव्या पिंपाचं झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, "बाय, माझ्या म्हशी पेपर वाचत न्हाईत गं." आत घडी घातलेली वर्तमानपत्रं, घासूनपुसून लख्ख केलेले डालड्याचे डबे, धुतलेल्या बाटल्या. आणि लाल पिंपात सगळ्या बिल्डिंगीचा चोथा, अंड्यांची टरफलं आणि नाईकांच्या घरच्या मासळीचे काटे. एकूण एक उलटं! एखाद्या घराची चूक असती तर समजलं असतं, पण तुझं सोडून पंधराही घरांची एकच चूक.

मी घरी येऊन ह्यांच्यावर तुटून पडले, कारण पिशवी ह्यांनीच नेली होती. आपल्याकडे तीच रीत होती ना, पहिल्या शिफ्टला निघालेल्या नवऱ्याच्या हातात डबा द्यायचा आणि दुसऱ्या हातात केराची पिशवी. समजावलं बायकांना आणि टाकायला गेले पुरुष. हे शांतपणे म्हणाले, "अगं, लाल म्हणजे रिजेक्शन. कंपनीत जे बाद झालं ते लालमध्ये, जे ओके ते हिरव्यात. मी इन्स्पेक्शनला आहे, बारा वर्षं हात तिकडेच जातोय. झोपेतसुद्धा जाईल." आणि फिटर काय, टर्नर काय, मशीनवरचा काय, बिल्डिंगीतल्या प्रत्येक पुरुषाचा हात तिकडेच गेला होता.

मी घाबरले होते, शरीफा. महिन्यातला पहिलाच दिवस असा, आणि जगदाळेसाहेब गॅलरीतून बघत होते. मी म्हटलं, फळा लावू, चुकेल त्याचं नाव खडूनं लिहू, जिन्यातून येणारे जाणारे वाचतील, लाज वाटेल. आपलं पहिलं भांडण ते. तू पायरीवर बसून पदर तोंडाला लावून हसत होतीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ह्ये हसायचं आहे का?" मी ओरडले. तू म्हणालीस, "नाव न्हाई लिवायचं कुनाचं. येकदा नाव लिवलं का मानूस पिंपाकडं येतच न्हाई. आन् वैनी, समद्या बिल्डिंगीच्या पुरुषांचं हात बदलायचं, का दोन पिंपांचा रंग?"

दुपारपर्यंत रंग वाळलासुद्धा. लाल झालं ओल्याचं, हिरवं झालं कागद-पत्रा-काचेचं. दुसऱ्या दिवशी पिंपांत एक वस्तू चुकीची नव्हती. एक म्हणजे एकसुद्धा नाही! नानाबा म्हणाले, "आता म्हशी खूश." हे कामावरून आल्यावर उगाच ऐटीत विचारायला लागले, "आणि रीवर्कचं पिवळं कुठाय?" तू विचारलंस, "रीवर्क म्हंजी?" हे म्हणाले, "म्हणजे बाद नाही आणि ओकेही नाही. थोडं काम केलं की चालेल असं." दोन दिवसांनी जिन्याखाली पिवळं खोकं आलं.

त्या पिवळ्या खोक्यानं खरी मजा आणली. बंद पडलेले स्टोव्ह, काड्या मोडलेल्या छत्र्या, अंगठा तुटलेल्या चपला, हँडल निखळलेली कढई. रविवारी पुरुष मंडळी हत्यारं घेऊन जिन्यात बसायची. कंपनीत दिवसभर तेच करून कंटाळलेली माणसं सुट्टीच्या दिवशी फुकटात तेच करत बसायची आणि खूश असायची. जगदाळेसाहेबांनी एक छत्री दुरुस्त केली, ती कुणाची ते महिनाभर कळलं नाही, आणि शेवटी ती त्यांचीच निघाली. माझ्या घागरीचा पोचाही तिथंच निघाला, युनूसभाईंच्या हातोडीनं.

महिना संपला त्या दिवशी गच्चीवर मीटिंग झाली. तुला बोलावलं नव्हतं, भाडेकरूंना बोलावत नसत. तू खाली पिंपं धुवत होतीस, त्याचा आवाज वर येत होता. जगदाळेसाहेबांनी बोळीत वाकून बघितलं. बोळीत ऊन पडलं होतं आणि फरशी दिसत होती. ती फरशी आहे हे आम्हाला त्या महिन्यातच कळलं होतं. ते एवढंच म्हणाले, "अर्ज राहू दे." मला हायसं वाटलं. वाटलं, त्यांनी तो फाडला असेल, जाळला असेल. विचारायचा धीर झाला नाही.

त्यानंतरची तीन वर्षं म्हणजे तू आणि मी आणि पिंपं. तू दुपारी हिरवं पिंप पालथं करून निवडायला बसायचीस आणि मी शेजारी शेंगा नाहीतर लसूण घेऊन. तू कागद निवडताना प्रत्येक कागदाकडे एक नजर टाकायचीस हे मला उशिरा लक्षात आलं. नाईकांच्या पोराचं मार्कलिस्ट चुकून आलं होतं, ते तू पदराखाली लपवून वर नेऊन दिलंस. कुणाच्या भावाचं पत्र, कुणाची डॉक्टरची चिठ्ठी, कुणाच्या मुलीला आलेलं भलतंच काहीतरी. मी एकदा म्हटलं, "म्हणजे आमच्या सगळ्यांच्या घरातलं तुला ठाऊक असतं की गं!" तू म्हणालीस, "रद्दीत मानसाचं समदं येतं, वैनी. वाचलं तरी इसरायचं. ज्याला इसराया येत न्हाई त्यानं रद्दीला हात लावू ने." मी हसले. मला त्यात माझं काही दिसलं नाही.

आणि पाठकोरे कागद! त्यांच्यावर तुझा भारी जीव. एका बाजूनं लिहिलेला आणि दुसरीकडून कोरा असा एक कागद तू पोत्यात जाऊ दिला नाहीस. इस्त्री केल्यासारखे हातानं सारखे करायचीस, सुईदोऱ्यानं शिवायचीस, आणि नूरच्या व माझ्या लेकीच्या, सुनीच्या, गणिताच्या वह्या तयार. मी चिडवायची, "चाकणचे लोक चिकट ते चिकटच." तू म्हणायचीस, "व्हय. म्हणून तर हितं टिकून हाय."

मीटिंग होऊन आठवडाभर झाला असेल, तू नियमांचा कागद केलास. लाल कशाचं, हिरवं कशाचं, पिवळं कशाचं आणि खाली मोठ्या अक्षरांत 'खिडकीतनं काय टाकू ने'. सातवीच्या शाळेतलं तुझं गोल अक्षर. प्लायच्या तुकड्यावर चारी कोपऱ्यांना खळ लावून चिकटवलास आणि तो तुकडा आपण पिंपांच्या वर ठोकला. हातोडी तुझ्या हातात, खिळे माझ्या. ठोकून झाल्यावर तू माझ्याकडे जरा जास्तच बघत राहिलीस आणि म्हणालीस, "येकदा लावला का काडायचा न्हाई हां, वैनी." मी म्हटलं, "मी कशाला काढू?"

तुला सांगायचा मी प्रयत्न केला होता. तुझ्याबरोबर चाकणला आले होते ईदला, आठवतं? एस.टी.त खिडकीशी तू आणि शेजारी मी. मोशी मागे पडलं आणि मी म्हटलं, "शरीफा, एक सांगायचंय, तू इथे नवीन आलीस ना तेव्हा..." तू शेंगांची पुडी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "आदी खावा. आन् टरफलं खिडकीभायेर टाकू नका, माझ्या वटीत टाका." मग तू तुझ्या आईच्या बिर्याणीबद्दल बोलत राहिलीस ते थेट चाकण येईपर्यंत. मला वाटलं, बरं झालं, वेळ टळली. परत येताना मी बोललेच नाही. शेवटी दवाखान्यातही तीच गत. तुझा हात तापानं पोळत होता आणि मी मनाशी वाक्य जुळवत होते. तू डोळे उघडून काय म्हणालीस, तर "लाल पिंपाचं झाकन नीट बसत न्हाई, दादास्नी सांगा." माझ्या ह्यांना सांगायचं होतं तुला, झाकणाबद्दल! मी म्हटलं, सांगते. तेवढंच म्हटलं.

तुला नेलं तेव्हा आम्ही बायका जिन्यातच थांबलो. पुरुष सगळे गेले, पहिल्या शिफ्टचेही गेले, दांडी मारून. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता हे सगळं बंद पडणार. खाली आले, तर पिंपं धुतलेली. कुणी धुतली कोण जाणे. लाल पिंपाचं झाकण ह्यांनी रात्रीतच ठोकून सरळ केलं होतं. नाईककाकू हिरव्यासमोर पाटावर बसून कागद निवडत होत्या, इतक्या हळू की मला राग आला. पण त्या निवडत होत्या. एक पाठकोरा कागद हातात घेऊन मला विचारलं, "हे शरीफा वेगळं ठेवायची ना?" मी म्हटलं, हो, ते वेगळं ठेवायचं.

आणि काल. तुझ्या नियमांची शाई उडून गेली होती, 'हिरवं' तर दिसतच नव्हतं. मला वाटलं, नवा लिहावा. काढायचा नाही असं तू सांगितलं होतंस, पण तू कोण आता मला अडवणारी! मी प्लाय उतरवला, कोपरे ओले केले आणि कागद अलगद सोडवला. जाड कागद, पिवळसर, अजून खळखळणारा. उलटा केला.

तळमजल्यावरील भाडेकरू जिन्याखाली भंगार साठवतात.

खाली सह्या. तिसरी माझी, ठसठशीत, खाली रेघ ओढलेली.

मी पायरीवर बसले. जगदाळेसाहेबांनी तो फाडला नव्हता, जाळलाही नव्हता. आपल्या नियमाप्रमाणे हिरव्या पिंपात टाकला होता, आणि तू तो निवडला होतास. तीन वर्षं मी दूध घेऊन, घागर घेऊन, पिशवी घेऊन त्या कागदाच्या समोरून गेले. खिळे मी धरले होते! मी युनूसभाईंना हाक मारली आणि कागद पुढे केला. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, "उस दिन बहुत गुस्सा आला था मुझे. म्हटलं सामान बांध, नाही राहायचं इथे. ती म्हणाली, कागद चांगला हाय, मागली बाजू कोरी हाय, फेकायचा कशाला. बस. पुन्हा विषय नाही काढला." मग ते नूरला हाक मारायला आत गेले, आणि मी तिथंच जिन्यात, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत, मोठ्यानं रडले.

एस.टी.तल्या शेंगा मला तेव्हा कळल्या, शरीफा. तू मला बोलूच दिलं नव्हतंस.

नवा कागद मी केला नाही. तुझीच अक्षरं निळ्या शाईनं गिरवली, गोलाला गोल, रेघेला रेघ. 'टाकू ने' तसंच ठेवलं. मग जगदाळेसाहेबांना खाली बोलावलं आणि मागची बाजू दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. खिशातून पेन काढून माझ्याकडे दिलं, माझं झाल्यावर परत घेतलं. तुझ्या अक्षरांच्या खाली जागा होती. आता तिथे दोन सह्या आहेत. वरची माझी, रेघ न ओढलेली.

कागद परत तुझ्याच बाजूनं लावला आहे. हातोडी माझ्या हातात होती, खिळे नूरनं धरले. आज संध्याकाळी बघितलं तर खाली नाईककाकूंचीही सही होती, वाकडीतिकडी.

फळ्यावर कुणाचं नाव नको म्हणायचीस. पहिलं भांडण त्याचंच होतं ना आपलं? पण हे नाव मी दुसऱ्याचं नाही लिहिलं गं, माझंच लिहिलं. पटत नसेल तर ये भांडायला. मी पिंपांशीच आहे.